स्मरणाचे नेतृत्व आणि घरचा हिशेब

आंतरराष्ट्रीय संस्थांची अध्यक्षपदे आळीपाळीने फिरत असतात. एखादा देश वर्षभर अध्यक्ष होतो, परिषदा भरवतो, पाहुण्यांचे आगतस्वागत करतो आणि पुढच्या देशाच्या हाती सूत्रे देऊन मोकळा होतो. वर्तमानपत्रात त्याची चार ओळींची बातमी येते व आपण पान उलटतो. तथापि एक अध्यक्षपद असे आहे, की ते स्वीकारण्यापूर्वी त्या देशाला स्वतःच्या इतिहासातील सर्वांत अप्रिय प्रकरण उघडून बसावे लागते. आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरण आघाडी या संस्थेचे ते अध्यक्षपद होय. १ एप्रिल २०२१ रोजी ग्रीसने ते जर्मनीकडून स्वीकारले. त्या एका वर्षाच्या जबाबदारीसाठी ग्रीसला किती दीर्घ तयारी करावी लागली, याचा वृत्तांत व्यापारी घराण्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. त्याच्या केंद्रस्थानी एक व्यापारी शहर आहे, त्या शहरातील दुकाने आहेत, आणि मालक गेल्यावर त्या दुकानांच्या किल्ल्या कोणाच्या हाती गेल्या हा प्रश्न आहे.

प्रथम संस्थेविषयी थोडे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनीने आणि तिच्या साथीदारांनी सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. या संहाराला होलोकॉस्ट म्हणतात. तो पाहिलेली पिढी वृद्ध होत चालली, तेव्हा पुढे ही आठवण कोण जपणार, असा प्रश्न उभा राहिला. १९९८ साली स्वीडनचे पंतप्रधान योरान पर्सन यांनी अमेरिका व ब्रिटन यांना सोबत घेऊन या कामासाठी एक गट स्थापन केला. जानेवारी २००० मध्ये स्टॉकहोम येथे अनेक देशांनी मिळून एक जाहीरनामा संमत केला. त्यातूनच आजची संघटना वाढली. ३० हून अधिक देश तिचे सदस्य आहेत. भारत त्यांत नाही. तिच्या बैठकांत मुत्सद्द्यांबरोबर इतिहासकार, शिक्षक आणि संग्रहालयांचे अभ्यासकही बसतात, व निर्णय सर्वसहमतीने होतात. शिक्षण, संशोधन आणि स्मरण ही तिची तीन कामे. अध्यक्षपद दरवर्षी बदलते.

ग्रीस २००५ साली या संघटनेचा सदस्य झाला. जर्मनीने अध्यक्षपद ग्रीसच्या हाती द्यावे, यात इतिहासाचा एक विलक्षण योग होता. एप्रिल १९४१ मध्ये याच जर्मनीच्या सैन्याने ग्रीस व्यापला होता. त्या पहिल्याच हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवर माणसे भुकेने मेली. पुढे कलाव्रिता, दिस्तोमो अशा गावांत निरपराध ग्रामस्थांची कत्तल झाली. म्हणजे ग्रीस हा स्वतःच अत्याचार सोसलेला देश. असा देश सहज म्हणू शकला असता, की जे घडले ते परकीयांनी घडवले. आमच्याकडे कोणाचे काही देणे लागत नाही. पुष्कळ वर्षे तो असेच म्हणत राहिला. हे म्हणणे बऱ्याच अंशी खरेही होते. परंतु ते संपूर्ण खरे नव्हते, आणि हा उरलेला अंश कबूल करणे हीच तयारीतील सर्वांत अवघड पायरी ठरली.

हा उरलेला अंश समजून घ्यायचा तर उत्तर ग्रीसमधील थेसालोनिकी या बंदराकडे पाहावे लागेल. १४९२ साली स्पेनच्या राजसत्तेने ज्यूंना देशाबाहेर काढले, तेव्हा ऑटोमन सुलतानाने त्यांना आपल्या राज्यात आश्रय दिला. त्यांतील पुष्कळ कुटुंबे या बंदरात स्थिरावली. त्यांनी लोकरी कापडाचा धंदा उभारला, छापखाने काढले, धान्याचा व तंबाखूचा व्यापार वाढवला, आणि चारशे वर्षे घरात स्पॅनिश वळणाची लादिनो भाषा जपली. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरातील सर्वांत मोठा समाज त्यांचाच होता. त्यांच्यात सावकार आणि गिरणीमालक होते, तसेच गोदीतील हमाल, कोळी आणि तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या स्त्रियाही होत्या. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस. त्यामुळे शनिवारी सारे बंदरच बंद राही. आपल्या कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या बेने इस्रायली लोकांना शनिवारी काम न करण्यावरून ‘शनिवार तेली’ हे नाव पडले होते. तिकडे एका अख्ख्या शहराचा आठवडाच या रीतीवर चालत असे.

१९१२ मध्ये शहर ग्रीसकडे आले. १९१७ च्या आगीत ज्यू वस्तीचा मोठा भाग जळाला. नंतर आशिया मायनरमधून हजारो ग्रीक निर्वासित आले आणि शहराचे स्वरूप पालटले. १९२४ मध्ये रविवारची सुट्टी सक्तीची झाली. तरीही युद्धापूर्वी सुमारे ५० हजार ज्यू तेथे नांदत होते.

मग जर्मन सैन्य आले. ११ जुलै १९४२ च्या शनिवारी १८ ते ४५ वयाच्या सुमारे नऊ हजार ज्यू पुरुषांना एलेफ्थेरियास चौकात जमवून तासन् तास भर उन्हात उभे करण्यात आले व त्यांची मानहानी केली गेली. या चौकाच्या नावाचा अर्थ ‘स्वातंत्र्य’ असा आहे. त्यांना रस्तेबांधणीच्या वेठीला धाडले. मलेरियाने व उपासमारीने शेकडो दगावले. त्यांना सोडवण्यासाठी ज्यू समाजाने अडीच अब्ज द्राख्मांची खंडणी मान्य केली. पेढ्यांतील शिल्लक आणि घरांतील पुंजी त्यात गेली. जर्मन प्रशासनाचा अधिकारी माक्स मेर्टेन याने ही सौदेबाजी केली.

त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली, आणि तिच्याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. शहराच्या पूर्वेस ज्यूंची शतकानुशतकांची दफनभूमी होती. तेथे तीन लाखांहून अधिक थडगी असल्याचे सांगतात. नगरपालिकेला ती जागा पुष्कळ वर्षांपासून हवी होती. डिसेंबर १९४२ मध्ये जर्मनांच्या संमतीने नगरपालिकेच्या मजुरांनी ती उद्ध्वस्त केली. संगमरवराच्या शिळा बांधकामाचे सामान म्हणून गावभर गेल्या. कोठे फरसबंदीत, कोठे भिंतींत, कोठे प्रार्थनामंदिरांच्या दुरुस्तीत त्या बसवल्या गेल्या. युद्धानंतर त्या भूमीवर विद्यापीठाचा विस्तार झाला. ही जागा जर्मनांना नको होती. ती शहराला हवी होती.

१९४३ च्या आरंभी ज्यूंच्या छातीवर पिवळा तारा आला आणि त्यांना ठरावीक वस्त्यांत कोंडण्यात आले. मार्चच्या पहिल्या दिवसांत प्रत्येक कुटुंबाला आपल्या सर्व मालमत्तेची यादी लिहून देण्याचा हुकूम झाला. घर, दुकान, माल, दागिने, भांडीकुंडी, येणी-देणी, सारे काही त्या यादीत होते. ज्यांनी आयुष्यभर कीर्दवही चोख ठेवली होती, त्यांनी ही यादीही चोख लिहिली असेल. १५ मार्च रोजी पहिली आगगाडी आउश्वित्झकडे निघाली. स्थानकाजवळच्या बॅरन हिर्श वस्तीत माणसे आणून ठेवली जात. त्यांच्याजवळचे पैसे काढून घेऊन बदल्यात पोलंडच्या चलनाच्या पावत्या दिल्या जात. तिकडे गेल्यावर नवा संसार मांडायला ही रक्कम मिळेल, असे सांगितले जाई. त्या पावत्यांना कवडीचेही मोल नव्हते. ऑगस्टपर्यंत १९ गाड्या गेल्या. सुमारे ४५ हजार माणसे त्यांतून गेली आणि बहुतेकांना तेथे पोहोचताच विषारी वायूने मारण्यात आले. मेच्या अखेरीपर्यंत एखाद-दुसरी वस्ती सोडली, तर जवळजवळ सारा समाज नाहीसा झाला होता.

आता दुकानांकडे वळू. मालक गाडीत बसवले गेले त्याच आठवड्यांत ज्यू मालमत्तेच्या व्यवस्थेसाठी एक सरकारी कार्यालय उघडण्यात आले. त्याने दुकाने व घरे ‘राखणदार’ नेमून वाटली. कायद्याच्या भाषेत हे राखणदार विश्वस्त होते. माल सांभाळून ठेवणे आणि हिशेब देणे हे त्यांचे काम. प्रत्यक्षात किल्ली हातात येताच पुष्कळांनी फडताळे रिकामी केली. कोणी जर्मनांशी संधान असलेले, कोणी ओळखीपाळखीचे, तर कोणी स्वतःच आधीच्या घरादाराला मुकलेले गरजू निर्वासित होते. म्हणून सर्वांना एकाच मापाने मोजता येत नाही. परंतु शेजारच्या गाळ्याचा मालक कोठे गेला, हे विचारणारे थोडे निघाले आणि त्याचा गाळा मागणारे पुष्कळ निघाले, ही वस्तुस्थिती राहते.

युद्धानंतर दोन हजारांहूनही कमी माणसे शहरात उरली किंवा परत आली. त्यांच्या घरांत अनोळखी संसार थाटलेले होते. ग्रीक सरकारने जप्त मालमत्ता परत देण्याचे कायदे लवकरच केले. १९४६ मध्ये तर बेवारस ज्यू मालमत्ता सरकारजमा न करता वाचलेल्या ज्यूंच्या पुनर्वसनासाठी द्यावी, असेही ठरवले. हे त्या काळी युरोपात अनुकरणीय पाऊल होते. पण राखणदारांनी आपली संघटना उभारून या परतफेडीला विरोध केला, आणि अंमलबजावणी खोळंबत राहिली. ज्यांचा हक्क होता ते मूठभर व खचलेले होते. ज्यांचा ताबा होता ते संख्येने अधिक व मतदार होते. मेर्टेनला १९५९ साली अथेन्समध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली, आणि काही महिन्यांतच त्याची जर्मनीकडे रवानगी झाली. मग त्या विषयावर शहराने दीर्घ मौन धरले.

येथे थांबून दुसरीही बाजू सांगितली पाहिजे, अन्यथा हिशेब एकतर्फी होईल. मार्च १९४३ मध्ये, थेसालोनिकीहून गाड्या सुटत असतानाच, अथेन्सचे आर्चबिशप दमास्किनोस यांनी या हद्दपारीविरुद्ध जाहीर निषेधपत्र लिहिले. त्यावर विद्वत्संस्थांच्या व व्यावसायिक संघटनांच्या प्रमुखांनी सह्या केल्या. परकीय सैन्याच्या ताब्यातील राजधानीत अशी सही करणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होते. थेसालोनिकीतील संस्थांकडून तसे सामूहिक पत्र निघाले नाही. अथेन्सचे मुख्य रब्बी बार्झिलाई यांच्याकडे समाजाच्या नावांची यादी मागण्यात आली. त्यांनी दप्तर नष्ट केले आणि प्रतिकार चळवळीच्या साहाय्याने डोंगरात निघून गेले. अथेन्सचे पोलीसप्रमुख आंगेलोस एवर्ट यांनी खोट्या नावांची ओळखपत्रे दिली. झाकिन्थोस बेटावर तर जर्मन अधिकाऱ्याने ज्यूंची यादी मागितली, तेव्हा बिशप ख्रिसोस्टोमोस आणि महापौर लुकास करेर यांनी दोनच नावांची यादी दिली, ती त्यांच्या स्वतःच्या नावांची. बेटावरील २७५ ज्यू खेड्यापाड्यांत लपवले गेले आणि वाचले.

एकाच देशात, एकाच परकीय सत्तेखाली, एका ठिकाणी यादी लुटीचे साधन झाली आणि दुसऱ्या ठिकाणी ती रक्षणाचे साधन झाली. परिस्थिती सर्वत्र सारखी नव्हती, हे खरे. थेसालोनिकीत समाज मोठा व वेगळ्या भाषेचा होता, आणि तेथे जर्मनांचा थेट अंमल पहिल्यापासून होता. अथेन्सला इटलीच्या अमलामुळे काही अवधी मिळाला. तरीही शेजारधर्माला वाव कोठेच नव्हता, असे म्हणता येत नाही. स्मरणाला अर्थ येतो तो यामुळेच. सारे अटळ होते असे म्हटले, की कोणाचा दोष उरत नाही, आणि कोणाचे पुण्यही उरत नाही.

अशा देशाने जगाच्या स्मरणकार्याचे नेतृत्व करायचे, तर त्याने काय करावे? ग्रीसने केलेल्या गोष्टी क्रमाने पाहिल्या, की तयारी किती सावकाश होते ते दिसते. १९९७ मध्ये थेसालोनिकीत होलोकॉस्टचे स्मारक उभे राहिले. २००४ च्या कायद्याने २७ जानेवारी हा राष्ट्रीय स्मरणदिन ठरला. मध्यंतरी काळ उलटाही फिरला. २०१२ मध्ये ‘गोल्डन डॉन’ हा नवनाझी पक्ष १८ जागा मिळवून संसदेत शिरला. २०१४ मध्ये त्या पक्षाचा माणूस थेसालोनिकीच्या नगरसभेत निवडून आला, तेव्हा महापौर यानिस बुतारिस यांनी शपथविधीच्या वेळी कोटावर पिवळा तारा लावला. बुतारिस स्वतः ज्यू नव्हते. ते मद्यनिर्मितीच्या धंद्यातील प्रसिद्ध व्यापारी होते. त्याच वर्षी विद्यापीठाच्या आवारात, नष्ट झालेल्या दफनभूमीची खूण म्हणून एक स्मारक उभारले गेले. त्या समारंभात बुतारिस यांनी आपल्या शहराच्या दीर्घ मौनाबद्दल लाज वाटत असल्याचे सांगितले, आणि त्या मौनातून लाभ उठवणाऱ्यांचा उल्लेख टाळला नाही. २०१९ च्या जानेवारीत समाजकंटकांनी हे स्मारक फोडले. यावरून त्याची गरज अधिकच सिद्ध झाली.

त्याच २०१९ साली यानिना शहराने मोसेस एलिसाफ या ज्यू वैद्यकतज्ज्ञांना महापौरपदी निवडले. ग्रीसच्या इतिहासात असे प्रथमच घडले. आणि ७ ऑक्टोबर २०२० रोजी, म्हणजे अध्यक्षपद हाती येण्यास सहा महिने उरले असताना, अथेन्सच्या न्यायालयाने ‘गोल्डन डॉन’ ही गुन्हेगारी संघटना असल्याचा निकाल दिला. हा निकाल अध्यक्षपदासाठी दिलेला नव्हता. तो त्या पक्षाच्या लोकांनी केलेल्या खुनासारख्या गुन्ह्यांवरील दीर्घ खटल्याचा होता. पण या निकालाविना ग्रीसला जगासमोर उभे राहणे किती कठीण गेले असते, याची कल्पना करता येते.

अध्यक्षपदाच्या वर्षात ग्रीसने राजदूत ख्रिस लाझारिस यांच्याकडे सूत्रे दिली आणि शिक्षणावर भर दिला. काळ महामारीचा होता. कित्येक बैठका पडद्यावर झाल्या. त्याच वर्षात दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. डिसेंबर २०२१ मध्ये थेसालोनिकीच्या ज्यू समाजाचे जुने दप्तर ग्रीसला परत करण्याचा निर्णय रशियाने जाहीर केला. नाझींनी ते लुटून नेले होते आणि युद्धाच्या अखेरीस ते सोव्हिएत सैन्याच्या हाती लागून मॉस्कोत पडले होते. जन्म, विवाह, शाळा, दानधर्म, मालमत्ता अशा एका समाजाच्या सर्व नोंदी ज्यात आहेत ते दप्तर म्हणजे काय चीज असते, हे पिढीजात वह्या जपणाऱ्या घरांना वेगळे सांगावयास नको. दुसरी गोष्ट, २० जानेवारी २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने होलोकॉस्ट नाकारण्याच्या प्रवृत्तीचा निषेध करणारा ठराव संमत केला, आणि त्यात या संघटनेने केलेल्या व्याख्येचा आधार घेतला.

महामारीत ज्या कंपनीची लस जगभर गेली, त्या फायझरचे प्रमुख आल्बर्ट बुर्ला हे याच थेसालोनिकीचे. त्यांचे आईवडील त्या संहारातून वाचलेल्या मूठभरांपैकी होते. २०२२ मध्ये त्यांना मिळालेल्या जेनेसिस पुरस्काराची रक्कम त्यांनी थेसालोनिकीतील नियोजित होलोकॉस्ट संग्रहालयासाठी दिली. ज्या जुन्या रेल्वेस्थानकाच्या परिसरातून गाड्या सुटल्या, तेथेच हे संग्रहालय होत आहे. वाचलेल्या दोघांच्या पोटी जन्मलेल्या एका मुलाने जगाला काय दिले ते आपण पाहिले. न वाचलेल्या ४५ हजारांच्या घरांतून काय येऊ शकले असते, याची गणना करण्याचे कोणतेही परिमाण नाही.

वाचकहो, या वृत्तांतातून आपण काय घ्यावे? पूर्वजांच्या दोषाचे ओझे नातवंडांनी अपराधी म्हणून वाहावे, असे कोणताही न्याय सांगत नाही. आजच्या ग्रीक तरुणाने कोणाचे दुकान बळकावलेले नाही. परंतु वारसा घेताना केवळ येणे घ्यायचे आणि देणे नाकारायचे, ही रीत कोणत्याही प्रतिष्ठित पेढीला शोभत नाही. झाकिन्थोसच्या बिशपांचा अभिमान ज्याला वारशाने हवा, त्याने दफनभूमीच्या शिळांची नोंदही त्याच वहीत ठेवली पाहिजे. ग्रीसने ही दुसरी नोंद पूर्ण केली आहे, असा दावा कोणी करू नये. कोठे तरी जुनी भिंत पाडताना हिब्रू अक्षरांची संगमरवरी शिळा आजही निघते. मात्र ती आता निमूटपणे पुन्हा गाडली जात नाही.

आणखी एक विचार मनात येतो. ज्या शहरात संहार घडला, तेथे प्रत्येक पावलावर कायद्याचा कागद होता. हुकूम होता, यादी होती, पावती होती, नेमणुकीचे पत्र होते. राखणदाराच्या हाती किल्ली आली ती शिक्क्यानिशी आली. म्हणजे कागद बरोबर असला की व्यवहार शुद्ध झाला, असे होत नाही. मिळत असलेली वस्तू स्वस्त का मिळते आहे, तिचा आधीचा धनी कोठे आहे, तो आपल्या खुशीने गेला की कोणी घालवला, हे प्रश्न कायद्याने विचारले नाहीत तरी घेणाऱ्याने स्वतःला विचारावे लागतात. थेसालोनिकीच्या बाजारपेठेत १९४३ च्या वसंतात हे प्रश्न पुरेशा लोकांनी विचारले असते, तर गाड्या कदाचित थांबल्या नसत्या. पण परत आलेल्या माणसाला आपल्या दुकानाच्या दारात परक्यासारखे उभे राहावे लागले नसते.

घरातील मुलांना हा इतिहास सांगताना केवळ क्रूरकर्म्यांच्या कथा सांगू नयेत. त्या ऐकून मूल घाबरते आणि आपण तसे नाही म्हणून निश्चिंतही होते. त्याला शेजाऱ्यांच्या कथा सांगाव्यात. किल्ली घेणारा शेजारीही सांगावा आणि दोन नावांची यादी देणारा शेजारीही सांगावा. मग दोघांपैकी कोण व्हायचे, ते त्यालाच ठरवू द्यावे.